करार आणि रक्त : एका परिचित शब्दाचा फेरविचार

आमच्या बहुतेक घरांत पवित्र शास्त्राची एक तरी प्रत असते. ती उघडणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडतात ते दोन विभाग, जुना करार आणि नवा करार. ही नावे आमच्या इतकी अंगवळणी पडली आहेत, की ‘करार’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आम्हांला सहसा पडत नाही. प्रस्तुत लेखात तो प्रश्न आम्ही मुद्दाम उपस्थित करीत आहोत. कारण मिस्साबलीत प्याल्यावर उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांत रक्त आणि करार हे दोन शब्द एकमेकांना बिलगून येतात. आमच्या प्रवचनांत, भक्तिगीतांत आणि धार्मिक लेखनात मात्र त्यांची ताटातूट झाली आहे, असे आमचे नम्र मत आहे. ही ताटातूट केवळ भाषेची असती, तर वाचकांना शीण देण्याचे कारण नव्हते.

आमच्या परिचयातील एका माउलीचा मुलगा ऐन तारुण्यात आजारी पडला. तिने नवस केला, उपवास केले, नऊ दिवसांच्या प्रार्थना एकदाही चुकविल्या नाहीत. मुलगा गेला. त्यानंतरही ती रविवारी मंदिरात येत असे. पण मागच्या बाकावर बसून राही आणि ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास पुढे येत नसे. एकदा ती म्हणाली, “मी माझे सगळे पाळले. त्याने त्याचे पाळले नाही.” या वाक्याला उत्तर देणे सोपे नाही. परंतु त्यामागे जी समजूत आहे ती तिची एकटीची नव्हे. ती आम्ही सर्वांनी मिळून तिच्या हाती दिलेली आहे, आणि तिचे एक मूळ ‘करार’ या शब्दात आहे.

व्यवहारात करार म्हटला की काय डोळ्यांसमोर येते? घरभाड्याचा कागद, मुद्रांक, दोन पक्ष, दोन साक्षीदार आणि खाली सह्या. दोन्ही पक्ष आपापले हित पाहतात. एकाने अटी मोडल्या की दुसरा मोकळा होतो, आणि मुदत संपली की दोघेही मोकळे होतात. या अर्थाने देवाशी करार करणारा मनुष्य देवाकडे हिशेबाची वही घेऊनच जाणार, यात नवल ते काय?

मूळ हिब्रू शब्द आहे ‘ब्रीत’. हिब्रू भाषेत ब्रीत ‘करीत’ नाहीत, ती ‘कापतात’. या विलक्षण क्रियापदाचा खुलासा उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात होतो. देवाच्या सांगण्यावरून अब्राहाम तीन वर्षांची कालवड, शेळी आणि मेंढा यांचे दोन-दोन भाग करून ते समोरासमोर मांडतो. अशा दोन भागांमधून चालत जाणे ही त्या काळची शपथ होती. वचन मोडणाऱ्याची गत या पशूंसारखी होवो, असा तिचा आशय; संदेष्टा यिर्मया यानेही चौतिसाव्या अध्यायात या प्रथेचा उल्लेख केला आहे. रीतीप्रमाणे येथे दोन्ही पक्षांनी चालावयास हवे होते. परंतु सूर्य मावळताना अब्राहामाला गाढ निद्रा लागते, आणि अंधारात त्या भागांमधून धुमसती भट्टी व जळती मशाल एवढीच पुढे सरकते. म्हणजे चालतो तो एकटा देव. शपथेचा सारा भार तो स्वतःवर घेतो आणि अब्राहाम निजलेलाच राहतो. याला आम्ही ज्या अर्थाने करार म्हणतो त्या अर्थाने करार म्हणता येईल काय?

ही अडचण मराठीपुढेच उभी राहिली असे नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या यहुदी पंडितांनी आपले धर्मग्रंथ ग्रीक भाषेत आणण्यास आरंभ केला. दोन समान पक्षांच्या करारासाठी ग्रीकमध्ये ‘सुंथेके’ हा सरळ शब्द उपलब्ध होता. त्यांनी सर्वसाधारणपणे तो टाळला आणि ‘दियाथेके’ हा शब्द योजला. एकाने आपल्या इच्छेने केलेली व्यवस्था, विशेषतः मृत्युपत्र, असा त्याचा अर्थ. देव आणि मनुष्य यांच्यात घासाघीस होत नाही, देणारा एकच आहे, हे त्या भाषांतरकारांनी जाणले होते. पुढे लॅटिनमध्ये संत जेरोम यांनी जुन्या करारात ‘फोएदुस’ व ‘पाक्तुम’ हे शब्द वापरले. नव्या करारात मात्र ‘तेस्तामेंतुम’ हाच शब्द स्थिरावला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात लेखकाने दियाथेके शब्दाच्या दोन्ही अर्थांचा उपयोग करून घेतला आहे. मृत्युपत्र ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच अमलात येते, म्हणून ख्रिस्ताच्या मरणाने आम्हांला वारसा मिळाला, असा तो युक्तिवाद आहे. मराठीत ‘करार’ या एका शब्दाने तो साधत नाही; मृत्युपत्र दुसऱ्या पक्षाच्या सहीवाचूनही पुरे होते, करार होत नाही.

मग मराठीने दुसरा शब्द घ्यावयास हवा होता काय? फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले. त्यांनी आपल्या ग्रंथाच्या दोन भागांना ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’ अशी नावे दिली. कराराऐवजी त्यांनी कथेचा शब्द निवडला. श्रोत्यांसमोर ओवीबद्ध कथा सांगणाऱ्या कवीला ते शोभूनही दिसते. परंतु त्या नावांत देव आणि त्याची प्रजा यांना बांधणारा धागा दिसत नाही. ‘कौल’ हा शब्द मोह पाडतो. गाव सोडून गेलेल्या रयतेने परत येऊन जमीन कसावी म्हणून राज्यकर्ता अभयाचा कौल देत असे. देणारा एक आणि आश्वासन त्याचे, म्हणून अर्थाने तो शब्द दियाथेकेच्या जवळ जातो. पण आमच्या कोकणात देवाला कौल लावण्याची प्रथा इतकी रूढ आहे, की वाचकाचे मन तिकडेच धावेल. ‘वचन’ हा शब्द देवाच्या शब्दासाठी आम्ही आधीच खर्ची घातला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले. नितळ आणि बोलक्या मराठीचा ध्यास घेतलेल्या त्या भाषांतरातही ‘करार’ हाच शब्द कायम आहे, आणि ते योग्यच आहे असे आम्ही मानतो. मूळ अरबी शब्दात स्थैर्य, ठाव असा अर्थ आहे; ज्याच्या मनाला तो ठाव नाही त्याला आपण बेकरार म्हणतो. शब्द बदलण्याची गरज नाही. त्याच्या शेजारी जे रक्त होते ते त्याला परत मिळवून दिले पाहिजे.

ते रक्त कोणते, हे निर्गमच्या चोविसाव्या अध्यायात दिसते. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी मोशे वेदी उभारतो. बैलांचे अर्पण झाल्यावर अर्धे रक्त तो वेदीवर टाकतो आणि अर्धे पात्रांत राखून ठेवतो. कराराचे पुस्तक वाचले जाते, लोक आज्ञापालनाचे वचन देतात, आणि मग उरलेले रक्त लोकांवर शिंपडले जाते. लेवीयच्या सतराव्या अध्यायाप्रमाणे प्राण्याचे जीवन त्याच्या रक्तात असते. म्हणजे एकच जीवन वेदीवरही आले आणि लोकांच्या अंगावरही आले. ज्यांच्यात एकच रक्त आहे त्यांना आमच्या भाषेत रक्ताचे नातलग म्हणतात. त्या दिवशी सीनायच्या पायथ्याशी देवाने एका भटक्या जमातीशी नाते जोडले. त्यानंतर लगेच वडीलधारी मंडळी पर्वतावर जातात आणि देवासमोर बसून खातात-पितात. सोयरीक जुळल्यावर पंगत बसते, तसेच हे घडते.

याच लोकांनी पुढे चाळीस दिवसांच्या आत सोन्याचे वासरू केले. तो व्यवहार असता तर तेथेच संपला असता. पाट्या फुटल्या, देवाचा क्रोध भडकला; तरीही चौतिसाव्या अध्यायात पाट्या पुन्हा घडविल्या जातात. घरभाड्याचा करार मोडता येतो. पोटच्या मुलाशी असलेले नाते मोडू म्हटले तरी मोडत नाही.

आता शेवटच्या भोजनाकडे पाहू. रक्त पिणे मोशेच्या नियमशास्त्राने सक्त मना केले होते. त्या मेजावरील प्रत्येक जण यहुदी होता. प्याला पुढे करून हे माझे रक्त आहे, असे प्रभू म्हणाला तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला असला पाहिजे. वारंवार ऐकून आमच्या अंगावर तो येत नाही, एवढाच फरक. जे रक्त पूर्वी बाहेरून शिंपडले जात होते ते आता आत घ्यावयाचे होते. यिर्मयाने एकतिसाव्या अध्यायात सांगितलेला, अंतःकरणावर लिहिलेला नवा करार तो हाच. संत लूक यांच्या रचनेतील एक गोष्ट समीक्षकाने नजरेआड करता कामा नये. त्यांच्या शुभवर्तमानात कराराचा प्याला देऊन होताच पुढच्याच वाक्यात विश्वासघात करणाऱ्याचा हात मेजावर असल्याचे प्रभू सांगतो. थोड्याच वेळाने पेत्राच्या नाकारण्याचेही भाकीत येते. दुसरा पक्ष रात्र सरण्यापूर्वी वचन मोडणार हे ठाऊक असताना कोणता शहाणा मनुष्य करारावर सही करील? येथे सही आधी झाली, आणि तीही रक्ताने.

आमच्या लेखनाविषयीची तक्रार येथेच आहे. उपवासकाळातील आमची गीते आणि क्रूसाच्या वाटेवरील चिंतने रक्ताचे वर्णन मन लावून करतात. काटे, खिळे, फटके, वाहत्या जखमा यांत करुणरस आहे आणि तो खोटा नाही. परंतु हे रक्त कोणत्या नात्यासाठी सांडले, याचा उच्चार त्यांत क्वचितच आढळतो. ऐकणारा हळहळतो आणि घरी जातो. उलट प्रवचनांत करार येतो तेव्हा तो अटींच्या रूपाने येतो, आणि त्याच्या शेजारी रक्त आलेच तर किंमत म्हणून येते. देव जणू सावकार, आम्ही ऋणको आणि पुत्राने आमचे कर्ज फेडले, असे चित्र उभे राहते. संत पौल आम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहोत असे म्हणतात हे खरे. पण ते मोल कोणाला दिले हे ते सांगत नाहीत. नाझियांझसचे संत ग्रेगरी यांनी चौथ्या शतकातच हा प्रश्न विचारला होता, आणि ते मोल सैतानाला दिले ही कल्पना झिडकारून पित्याने ते मागितले होते ही कल्पनाही अमान्य केली होती. सावकाराचे ते चित्र आम्ही अजून भिंतीवरून उतरविलेले नाही.

शब्दांवर आम्ही एवढा भर का देतो, त्याला इतिहासाचेही कारण आहे. कॉन्स्टन्सच्या परिषदेने १४१५ साली सामान्य भाविकांना प्याला देण्यास मनाई केली. ट्रेंटच्या परिषदेने १५६२ साली एका रूपातही पूर्ण ख्रिस्त लाभतो, हे विशद केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात विशिष्ट प्रसंगी प्याल्याची मुभा पुन्हा दिली. तरी आमच्या धर्मग्रामांत रविवारी बहुतेकांना भाकरीच्या रूपातच ख्रिस्त लाभतो. त्यात उणे काही नाही. परंतु त्यामुळे कराराचे रक्त आमच्या वाट्याला मुख्यतः कानांनी येते. ज्यांना प्याला शब्दांतूनच मिळतो, त्यांच्यासाठी ते शब्द पारखून देणे हे लेखकांचे आणि प्रवचनकारांचे कर्तव्य नव्हे काय?

रक्ताच्या नात्याचा अर्थ एकदा पटला की तो आणखी एका ठिकाणी आम्हांला अडवितो. एकाच वेदीवरून एकच जीवन स्वीकारणारी आमची कुटुंबे सोयरीक जुळविताना कोण कोणाचे, कोणत्या वाड्यातले, कोणत्या जातीतले, याची चौकशी अजूनही करतात. सीनायवर शिंपडलेले रक्त बारा वंशांवर सारखेच पडले होते. वेदीवर नातलग आणि मांडवात परके, हा भेद करारात बसत नाही.

त्या माउलीकडे परत येऊ. तिच्या मुलाला आयुष्य लाभेल असे कलम देवाच्या करारात नव्हते, हे तिला सांगणे निष्ठुरपणाचे ठरेल, आणि अपुरेही. तिला सांगावयास हवे ते हे, की तुझ्या नवसाने देव बांधला गेला नाही, कारण त्यापूर्वीच तो स्वतःच्या शपथेने बांधला गेला आहे. त्या भागांमधून तो एकटा चालला; आणि ज्या रात्री त्याच्या पुत्राने प्याला पुढे केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचाही पुत्र गेला. ती मागच्या बाकावर बसली म्हणून हे नाते तुटलेले नाही. तिच्या तक्रारीलाही त्यात जागा आहे. तक्रार आपल्या माणसाकडेच करतात.

पुढील रविवारी प्याला उचलला जाईल आणि तो जुना, गुळगुळीत झालेला शब्द कानी पडेल, तेव्हा वाचकांनी त्याच्या शेजारच्या शब्दाकडेही लक्ष द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.