द्विपक्षीय स्पर्धा आणि बीडचा मतदार

एकसदस्यीय मतदारसंघ व साध्या बहुमताची पद्धती यांमुळे राजकारण दोन पक्षांकडे झुकते, असा सिद्धान्त मॉरिस दुव्हर्जे यांनी १९५१ साली मांडला. अशा स्पर्धेत मतदाराला स्पष्ट पर्याय मिळतो, असे तिचे समर्थक म्हणतात. बीड जिल्ह्याच्या अनुभवापुढे हे समर्थन टिकत नाही.

याच मतदारसंघाने १९६७ साली कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील यांना व १९७७ साली मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे यांना लोकसभेत पाठविले होते. १९९९ नंतर मात्र लढत भारतीय जनता पक्ष व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्यापुरती उरली. जयसिंगराव गायकवाड १९९९ साली पहिल्या पक्षाकडून निवडून आले, २००४ साली दुसऱ्याकडून. येथे निवड पक्षाची झाली की व्यक्तीची?

ऊसतोड मजुरांचे उदाहरण याहून बोलके आहे. मजुरीचे दर ठरविणाऱ्या लवादात शरद पवार व गोपीनाथ मुंडे हे प्रचारातील प्रतिस्पर्धी एकत्र बसत. मजुरांची बाजू मांडणारे मुंडे परळीच्या वैद्यनाथ साखर कारखान्याचे संस्थापकही होते. (त्यांच्या तळमळीविषयी येथे शंका नाही, आक्षेप रचनेवर आहे.) कोयता घेऊन दरवर्षी परमुलखात जाणाऱ्या मजुराला दोन्ही बाजूंना कारखानदारच भेटतो. २०२४ साली बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला, तेव्हाही चर्चा रंगली ती जातींच्या बेरजेची; तोडणीच्या दराची नव्हे.