रात्रीचा मुक्काम कुठे होता? ‘माझा प्रवास’ वाचताना

प्रवासवर्णनावर सिनॉप्सिस लिहायला घेतली की पहिल्या पानावर एक वाक्य हमखास येतं: ‘या ग्रंथात तत्कालीन समाजजीवनाचे यथार्थ चित्रण आढळते.’ गाईडही ते सहसा खोडत नाहीत. पण ‘समाज’ म्हणजे कोणाचा, आणि तो लेखकाला दिसला कुठून, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही. मी प्रवासवर्णन वाचताना वहीत एक वेगळा रकाना ठेवतो: मुक्काम. लेखक कोणत्या गावी कोणाकडे उतरला, जेवला कुठे, पुढच्या गावाचा पत्ता त्याला कोणी दिला. हा रकाना भरत गेला की पुस्तक वेगळंच वाचायला मिळतं. आज विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’ तसं वाचू.

गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, अशी बातमी आली आणि १८५७ च्या सुरुवातीला काका-पुतणे निघाले. वाटेत महूच्या आसपास बंडाची चाहूल लागली. परत फिरणं जमलं असतं, पण ते पुढे गेले. ग्वाल्हेर, झाशी, काळपी, चित्रकूट, काशी, अयोध्या असं फिरून, लुटले जाऊन, शेवटी गंगेची कावड घेऊन घरी आले आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. हे सगळं त्यांनी लिहून काढलं सुमारे २५ वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून. गोडसे हे वैद्यांच्या घराण्याचे उपाध्ये. म्हणजे पुस्तकाचा जन्मही एका यजमानाच्या घरातच झाला.

आता मुक्कामाचा रकाना बघा. रक्ताच्या नात्यातले पाव्हणे गोडशांना वाटेत फारसे नाहीत. पण जातीचं आणि वैदिकीचं नातं जागोजागी आहे. झाशीचं नेवाळकर घराणं मूळ कोकणातलं, त्यांच्याभोवती मराठी आश्रित, कारकून, भिक्षुक यांची घरं. वरसईचा माणूस बुंदेलखंडात जातो आणि तिथेही त्याला आपल्या पद्धतीचा स्वयंपाक, आपली भाषा, आपली पंगत मिळते. झाशी पडली तेव्हा तो लपलाही अशाच घराच्या आडोशाने, आणि गाठीची दक्षिणा गेली तीही तिथेच.

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात ‘स्नोबॉल सॅम्पलिंग’ येतं ना, तेच हे. एका माणसाने दुसऱ्याकडे पाठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. गोळा मोठा होत जातो, पण बर्फ सगळा त्याच उतारावरचा. व्यायामाची आवड असलेली, घोड्यावर बसणारी, पूजाअर्चा करणारी राणी गोडशांना इतक्या जवळून दिसते, कारण वाड्यातल्या धर्मकृत्यांना त्यांच्यासारख्यांची ये-जा होती. त्याच झाशीतला कोष्टी, सफाई करणारा, तोफखान्यातला पठाण पुस्तकात असतो तो गर्दीसारखा, बहुधा मरताना किंवा पळताना. हा गोडशांचा दोष म्हणून मी लिहीत नाही. ज्या ओसरीवर तो बसला होता तिथून जेवढं दिसतं तेवढंच त्याने लिहिलं. दोष आपला, आपण त्या ओसरीला ‘तत्कालीन समाज’ म्हणतो तेव्हा.

उलट या ओसरीचा फायदाही केवढा! इंग्रजांनी कलकत्त्याला राजेरजवाड्यांना बोलावून चौऱ्यांशी कलमांची यादी पुढे ठेवली, ही गोडशांनी दिलेली बंडाच्या कारणांची कथा इतिहास म्हणून टिकत नाही. पण रस्त्यावरचे शिपाई आणि धर्मशाळेतले वाटसरू बंडाचा अर्थ कसा लावत होते, हे कळायला अशी कथा दुसरीकडे मिळणार नाही. म्हणून ‘प्रत्यक्षदर्शी वृत्तांत’ असं सरसकट लेबल लावू नका. पाहिलेलं एका रंगाने, ऐकलेलं दुसऱ्या रंगाने खूण करा. पान रंगीबेरंगी होतं, होऊ द्या.

एक व्यावहारिक गोष्ट. १९०७ साली वैद्यांनी छापलेली आवृत्ती त्यांनी बरीच काटछाट आणि फेरफार करून काढली होती. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली आवृत्ती १९६६ ची. भाषेवर किंवा लेखकाच्या नजरेवर काही म्हणायचं असेल तर उद्धरण पोतदारांच्या आवृत्तीतलंच हवं. नाहीतर व्हायवाला पहिलाच प्रश्न येईल की हे वाक्य गोडशांचं की वैद्यांचं.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर आजचं बघा. भाचा श्टुटगार्टला नोकरीला आहे, मामा-मामी महिनाभर जातात, गाडी काढून वुर्झबुर्ग ते फ्युसेन या ‘रोमँटिक रोड’वरची छोटी गावं बघतात, आल्यावर लेख लिहितात. त्या रस्त्याचं हे नाव आणि आखणी १९५० ची, पर्यटनासाठी केलेली. रोथेनबुर्गची तटबंदी बघून ‘मध्ययुग जसंच्या तसं’ असं लिहिलं जातं, पण मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा मोठा भाग आणि तटबंदीचा बराच हिस्सा पडला होता, तो नंतर उभारला. हे भाच्याला ठाऊक असेलच असं नाही. तोही तिथे मराठी मित्रांच्या वर्तुळात राहतो, जसे गोडसे झाशीत राहिले. अशा लेखातून जर्मनी थोडी कळते, जर्मनीतलं मराठी घर मात्र फार छान कळतं. कोणाला त्यावर शोधनिबंध करायचा असेल तर विषय मोकळा आहे.

आणि आमच्याकडचं. अनसिंगहून फील्डवर्कला निघालात, वाशीम, मालेगाव, कारंजा, मानोरा असा दौरा आखलात, तर पहिल्या रात्री मामाकडे, दुसऱ्या रात्री मामाच्या व्याह्यांकडे, तिसऱ्या रात्री आत्याच्या नणंदेकडे उतराल. चहा मिळेल, ओळखी मिळतील, ‘पोराला सगळं सांगा बरं’ अशी शिफारसही मिळेल. पण तांडा, बौद्धवाडा, मोहल्ला या वाटेवर आपोआप लागत नाहीत. तिकडे मुद्दाम जावं लागतं, तेही पाव्हण्यांची शिफारस न घेता. कारण शिफारसीसोबत जातही पोचते.

बर्लिनहून पीएचडी करून आलेल्या इरावती कर्व्यांना हे नेमकं कळलं होतं. ‘परिपूर्ती’ (१९४९) मधला ‘वाटचाल’ हा पंढरीच्या वारीवरचा लेख त्यासाठी वाचाच. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायकांची जेवणं वेगळी. बाई त्या मराठा बायकांत जाऊन जेवल्या, आणि मगच त्या बायका त्यांच्याशी मोकळेपणाने वागू लागल्या. मुलाखतीची कुठलीही प्रश्नावली त्यांना तिथे पोचवू शकली नसती.

‘माझा प्रवास’ शेजारी ठेवायला मी मात्र दुसरं पुस्तक सुचवेन: डॉ. आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. छोटंसं, १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेलं, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये छापलेलं. प्रवासवर्णनाच्या यादीत ते कोणी घालत नाही, आणि मला तेच खटकतं. त्यातला पहिला प्रसंग नातेवाईकांना भेटायला निघण्याचाच आहे. १९०१ साल. लहान भीमराव, त्यांचे भाऊ आणि घरातली मुलं नवे कपडे घालून साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघतात. मसूर स्टेशनवर उतरतात. वडिलांना पत्रच मिळालेलं नाही, त्यामुळे घ्यायला कोणी आलेलं नाही. जात कळल्यावर गाडीवाले न्यायला तयार नाहीत. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, अशा अटीवर प्रवास सुरू होतो. जवळ जेवण आहे, पाणी मिळत नाही. रात्र टोलनाक्याजवळ काढायची. टोलवाल्याने विचारलं तर मुसलमान आहोत असं सांगायचं, हा सल्लाही गाडीवानाचाच.

त्याच पुस्तकात बडोदा आहे. परदेशात शिकून आलेला माणूस संस्थानाच्या नोकरीवर रुजू होतो आणि उतरायला जागा नाही. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहावं लागतं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव येऊन बाहेर काढतो. गावातले दोन मित्र, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघंही आपापल्या अडचणी सांगून नकार देतात. मग बागेत बसून रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट बघायची.

गोडशांच्या रकान्यात घरांची नावं भराभर येतात, इथे टोलनाका, धर्मशाळा, बाग एवढंच भरतं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून तो एकच रकाना भरा. एका आठवड्यात होणारं काम आहे. त्यातून निघालेलं दीड पान सिनॉप्सिसमध्ये ‘संशोधनाची गरज’ या मथळ्याखाली घाला, ‘यथार्थ चित्रण’ तिथून काढून टाका.