वऱ्हाडचें कर्ज

हिंगोलीहून वाशीमकडे जातांना कनेरगांव नाका लागला कीं मराठवाडा सरत आला असें समजावें, पुढें वऱ्हाड. भाषा एक, कपाशी-ज्वारीचीं शेतें तींच. तरी १८५३ पासून सुमारें शंभर वर्षें ही दोन कारभारांची सीमा होती. तिची उपपत्ति आमच्याकडे बहुधा एका वाक्यांत उरकण्यांत येते: निजाम उधळा होता, त्यास कर्ज झालें, कर्जापायीं वऱ्हाड गेलें. आम्हांस हा क्रमच उलटा वाटतो. आणि तो निरुपद्रवीहि नाहीं. सत्ता गमावलेल्या राज्याच्या दारिद्र्याचें सारें खापर त्याच्या स्वभावावर फोडण्याची संवय त्यांतूनच लागते.

हैदराबादचा कारभार चोख होता असें कोणी म्हणणार नाहीं. दिवाण चंदुलाल यांच्या काळीं महसूल इजाऱ्यानें दिला जाई, पामर कंपनीच्या पेढीकडून जबर व्याजानें रकमा उचलल्या जात. परंतु खर्चाची एक फार मोठी बाब होती ती कंटिंजंट फौजेची. हिंगोलीस तिची छावणी होती. पगार निजामाचा, अंमलदार इंग्रज, आणि हुकूम रेसिडेंटाचा! १८०० च्या तहानें तैनाती फौजेसाठीं मुलूख तोडून देऊन निजामानें परराष्ट्रसंबंधाचा अधिकार आधींच गमावला होता; त्यामुळें ही दुसरी फौज कमी करण्याचें बळ त्याच्या अंगीं उरलें नव्हतें. घरांतले गडी शेजाऱ्यानें नेमावे व पगार यजमानानें द्यावा, अशा घरास काटकसरीचा उपदेश करणें फार सोपें.

याची कसोटी पुढें आपोआप लागली. १८५३ च्या तहानें वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडील मुलूख कंपनीच्या ताब्यांत गेला, आणि त्याच वर्षीं सालारजंग दिवाण झाले. त्यांनीं इजारदारी मोडली, राज्याची पत सांवरली. १८५७ त हैदराबाद इंग्रजांच्या बाजूनें राहिलें, म्हणून १८६० त रायचूर व धाराशिव हे मुलूख परत मिळाले. सुमारें ५० लाखांचें जुनें कर्जहि माफ झालें. कर्ज हेंच कारण असतें तर वऱ्हाड त्याच दिवशीं परत यावयास हवें होतें. तें आलें नाहीं. फौजेच्या खर्चापुरतें भांडवल अनामत ठेवतों, प्रांत तेवढा द्या, ही सालारजंगांची विनंतीहि नामंजूर झाली. आणि १९०२ त वार्षिक २५ लाखांवर तो कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे राहिला.

गंमत अशी कीं, पुढें धनकोवरच ऋणकोची पाळी आली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन खुद्द हिंदुस्थानचें देणें लागत होतें, आणि १९४६ त त्यानें अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरांचें कर्ज घेतलें. तेथें क्रम निराळा, हें मान्य केलें पाहिजे: आधीं युद्धानें तिजोरी रिती केली, मग साम्राज्य ओसरलें. पण १९५६ त सुएझवर इंग्रज फौज उतरली आणि पौंडावर ताण आला, तेव्हां अमेरिकेनें हात आंखडता घेतला. फौज मागें घेण्याचें कबूल केल्यावरच लंडनला मदत मिळाली.