नकाशातील धर्म आणि नदीपार गेलेला देव

देवस्थानांचे उत्सव, कीर्तनकारांचा परिचय आणि जुन्या ताम्रपटांची चर्चा ज्या पानांत यावयाची, त्या पानांत संगणकावरील एका खेळाचे परीक्षण पाहून काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणून आहोत. परंतु ज्या वयात आम्ही बखरी आणि ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून इतिहासाची पहिली ओळख करून घेतली, त्या वयातील आपली मुले आज ती ओळख अशा खेळांतून करून घेत आहेत. मुलाच्या हाती कादंबरी आली तर तिचे गुणदोष सांगणे हे टीकाकाराचे काम समजले जाते. मग खेळाच्या बाबतीत त्याने मौन का पाळावे?

ज्या खेळांविषयी आम्ही लिहीत आहोत ते स्वीडनमधील स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स या मंडळीने तयार केलेले आहेत. त्यांतील 'युरोपा युनिव्हर्सालिस' या मालिकेचा चौथा भाग २०१३ साली निघाला. समोर सर्व पृथ्वीचा नकाशा असतो. काळ १४४४ च्या नोव्हेंबरात सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. खेळणाऱ्याने एखादे राज्य निवडावयाचे, मग ते पोर्तुगाल असो, विजयनगर असो वा बहमनी असो, आणि त्याचा कारभार, व्यापार, तह, युद्धे आणि धर्म ही सर्व स्वतःच्या बुद्धीने चालवावयाची. खेळ कित्येक दिवस पुरतो आणि त्यास लागणारी चिकाटी पाहता त्यास पोरखेळ म्हणणे अन्यायाचे होईल.

या खेळात धर्माची रचना कशी आहे ते प्रथम पाहू. प्रत्येक राज्यास एक राजधर्म असतो आणि प्रत्येक प्रांतासही एक, आणि एकच, धर्म असतो. दोहोंचा मेळ किती आहे ते 'धार्मिक ऐक्य' या आकड्यात टक्क्यांनी दिसते. हा आकडा शंभरांच्या खाली गेला की राज्यात अस्वस्थता वाढते. यावर उपाय दोन. एक तर प्रांतात धर्मप्रसारक पाठवावा. त्याच्या कामाची पट्टी महिन्यामहिन्याने भरत जाते, तोवर तेथील असंतोष वाढतो, आणि पट्टी पूर्ण भरली की प्रांताचा धर्म बदलतो. नाही तर सहिष्णुता वाढविणारी धोरणे स्वीकारावी, म्हणजे परधर्मी प्रांतही शांत राहतात. धर्माच्या नकाशावर प्रत्येक धर्माचा रंग निराळा. कॅथलिक प्रांत पिवळा दिसतो.

या रचनेचा गुण प्रथम मान्य केला पाहिजे. शाळेच्या पुस्तकांत धर्म हा बहुधा लढायांच्या प्रकरणानंतर येणाऱ्या 'सामाजिक स्थिती' या शीर्षकाखाली दोन परिच्छेदांत आटोपलेला असतो. येथे तसे नाही. राजाने परधर्मीयांशी कसे वागावे, या प्रश्नाचे उत्तर खेळणाऱ्यास प्रत्येक वर्षी द्यावे लागते आणि त्याचे फळ भोगावे लागते. छळाची किंमत बंडांत मोजावी लागते. सहिष्णुता ही दुबळेपणाची खूण नसून राज्य टिकविण्याचा एक मार्ग आहे, हे मूल व्याख्यानावाचून शिकते. एवढे श्रेय आम्ही या कर्त्यांस मोकळ्या मनाने देतो.

आता गोव्याकडे वळू. खेळाच्या नकाशात गोवा हा एकच प्रांत आहे. पोर्तुगालने तो जिंकला, धर्मप्रसारक पाठविला, पट्टी भरली, की सारा गोवा एका दिवसात पिवळा होतो. आदल्या दिवसापर्यंत तेथे सर्व हिंदू होते आणि दुसऱ्या दिवसापासून सर्व कॅथलिक झाले. आमच्या घरातील एका मुलाने हा प्रकार आमच्यासमोर केला तेव्हा त्याच्या मनात काही वाईट नव्हते. त्यास केवळ ऐक्याचा आकडा वाढवावयाचा होता. आम्ही मात्र त्या पिवळ्या ठिपक्याकडे पाहत राहिलो.

इतिहासात काय घडले? १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्कने तिसवाडी बेट घेतले. १५४० च्या सुमारास तेथील देवळे पाडण्यात आली, आणि देवळांच्या जमिनींचे उत्पन्न पुढे ख्रिस्ती संस्थांकडे वळविण्यात आले. साष्टीतील देवळांवर हाच प्रसंग १५६७ च्या सुमारास आला. १५६० साली धर्मसमीक्षणसभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली. ती मध्यंतरीचा थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत होती. पण या काळात देव जागच्या जागी नष्ट झाले नाहीत, ते निघून गेले. कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळास आला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आला. आणि हे देव आले कोणाच्या मुलखात? विजापूरच्या आदिलशाहीच्या. म्हणजे ज्या राजाचा धर्म निराळा, त्याच्या सीमेत आपल्या पूर्वजांनी आपले देव सुरक्षित मानले. पुढे १७६३ साली फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला तेव्हा त्यांचे धोरणही बदलले होते, आणि नव्या काबिजादीतील देवळे उभीच राहिली. एकाच राज्याच्या छत्राखाली, काही कोसांच्या अंतरावर, दोन निरनिराळ्या धार्मिक व्यवस्था नांदत होत्या. एका प्रांतास एक रंग देणाऱ्या नकाशात या घटनेस जागाच नाही. त्या नकाशावर देव हलू शकत नाही, कारण तेथे देव नाहीतच. तेथे केवळ भूमीचा रंग आहे.

हा दोष कर्त्यांच्या अज्ञानातून आला असे आम्हांस वाटत नाही. त्याचे मूळ युरोपच्या इतिहासात आहे. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहाने जर्मन मुलखात असा दंडक घातला की ज्याचे राज्य त्याचा धर्म. राजा लुथरपंथी असेल तर प्रजा लुथरपंथी, कॅथलिक असेल तर कॅथलिक, आणि न पटेल त्याने देश सोडावा. खेळातील राजधर्म, प्रांतधर्म आणि ऐक्याचा आकडा ही सारी त्या दंडकाची अपत्ये होत. जर्मनीपुरते हे चित्र पुष्कळ अंशी खरे आहे. गोव्याच्या व्हाइसरॉयाचीही दृष्टी अशीच होती. तेव्हा असे म्हणता येईल की हा खेळ व्हाइसरॉयाच्या मनात काय होते ते बरोबर दाखवितो, पण गावकऱ्यांनी काय केले ते दाखवीत नाही. मूर्ती पेटाऱ्यात घालून रात्री होडीत बसणारा माणूस त्याच्या हिशेबात कोठेही नाही.

दुसरी गोष्ट देवळाची. खेळात प्रांतामध्ये देऊळ बांधता येते, आणि ते बांधले की त्या प्रांताच्या करउत्पन्नात ४० टक्क्यांची भर पडते. हे वाचून आम्हांस हसू आले. आपल्याकडील राजाने देवळास जमीन इनाम दिली म्हणजे तिचा महसूल खजिन्यात यावयाचा नव्हे, तो खजिन्यातून जावयाचा. त्या उत्पन्नावर पूजा, नंदादीप, अन्नसंतर्पण, वाजंत्री आणि कित्येक कुटुंबे चालत. देऊळ हे राजाच्या जमेचे खाते नसून त्याच्या दानाचे खाते होते, आणि म्हणूनच त्याच्या जमिनी काढून घेणे हा पोर्तुगीजांच्या धोरणाचा गाभा झाला. हा व्यवहार दाखविला असता तर खेळ अधिक खरा झाला असता, आणि अधिक चुरशीचाही.

तिसरी गोष्ट देवतेच्या निवडीची. हिंदू राजाने राज्यारोहणानंतर गणेश, गंगा, शक्ती, शिव, सूर्य आणि विष्णू या सहांपैकी एक देवता आपली म्हणून निवडावी, अशी सोय खेळात आहे. ही निवड तो मरेपर्यंत बदलत नाही, आणि प्रत्येक देवतेचे फळ टक्क्यांत दिलेले आहे. इष्टदेवतेची कल्पना आपल्या परंपरेत आहे, तेव्हा हे सर्वस्वी चूक म्हणता येत नाही. पण खेळणारा निवड करतो ती लाभ पाहून, आणि एक देवता घेतली की उरलेल्या पाच गेल्या. विजयनगरचेच उदाहरण घ्या. तेथील राजांच्या दानपत्रांवर 'श्रीविरूपाक्ष' अशी सही असे. १५०९ ते १५२९ पर्यंत राज्य करणारा कृष्णदेवराय तिरुपतीच्या वेंकटेश्वराचा परम भक्त, तरी सही विरूपाक्षाचीच. राज्याचा देव एक, अंतःकरणाचा देव दुसरा, आणि दोहोंत वैर नाही. हा साधा प्रकार सहा चौकटींच्या त्या यादीत मावत नाही.

याच मंडळीचा 'क्रुसेडर किंग्ज' हा दुसरा खेळ राज्याऐवजी राजघराण्यावर रचलेला आहे. त्याचा तिसरा भाग २०२० साली निघाला. त्यात राजाच्या हातून घडणाऱ्या कृत्यांनी 'पुण्य' साठते आणि ते नाण्यासारखे खर्च करता येते. पुरेसे साठले की नवा पंथही स्थापता येतो. शैव, वैष्णव, शाक्त, स्मार्त हे तेथे निरनिराळे पंथ आहेत. ते परस्परांशी बरेच सौम्यपणे वागतात, हे कर्त्यांच्या अभ्यासाचे लक्षण होय. तरी एक मनुष्य एकाच पंथात बसला पाहिजे, हा आग्रह राहतोच. आपल्या सारस्वत समाजात पर्तगाळी मठाचे वैष्णव अनुयायी आहेत आणि कवळे मठाचे स्मार्तही. पर्तगाळीच्या स्वामींकडून मुद्रा घेणाऱ्या कित्येक वैष्णव घराण्यांचा कुलदेव मंगेश आहे, आणि तो तर प्रत्यक्ष शिव. हा मनुष्य खेळाने कोणत्या रकान्यात घालावा?

येथे कोणी म्हणेल, खेळ तो खेळ. बुद्धिबळातील उंट तरी कोठे उंटासारखा चालतो? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. कोणत्याही खेळास सुलभीकरण करावेच लागते. पण बुद्धिबळाच्या पटावर गोव्याचे नाव लिहिलेले नसते आणि १५१० हे सालही नसते. जो खेळ खऱ्या गावांची नावे आणि खऱ्या तारखा घेऊन येतो, त्याने इतिहास सांगण्याचे उत्तरदायित्व आपण होऊन पत्करलेले आहे. पटाचे नियम म्हणजे त्याचे मत होय. मुलाच्या ध्यानात लढायांची नावे राहणार नाहीत, पण 'धर्म हा भूमीचा रंग असून तो राजा बदलू शकतो' हा नियम शंभर वेळा खेळून त्याच्या मनात मुरेल. गोव्यातील असो, बेळगावातील असो वा बडोद्यातील, आपल्या मुलाने आपल्याच घराण्याचा इतिहास अशा नियमाने वाचावा, ही आम्हांस खरी चिंता वाटते.

सुदैवाने कर्ते थांबलेले नाहीत. युरोपा मालिकेचा पाचवा भाग २०२५ च्या नोव्हेंबरात आला. त्यात काळ १३३७ पासून सुरू होतो, आणि धर्म प्रांताचा न राहता तेथील लोकसंख्येचा झाला आहे. एका स्थळी अमुक लोक या धर्माचे आणि तमुक त्या धर्माचे, अशी गणना होते. ही सुधारणा मोठी आहे. पिवळ्या रंगाखाली उरलेले लोक आता निदान मोजले तरी जातात. तरीही फातर्प्याहून कुंकळ्ळीस निघणाऱ्या देवीच्या छत्र्यांच्या मिरवणुकीत जे ख्रिस्ती गावकर भाग घेतात, किंवा शिरगावच्या लईराईस आणि म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीस जे बहिणी मानतात, त्यांचे नाते गणतीच्या रकान्यात उतरणार नाही. धर्म बदलला तरी गाव आणि दैवत यांचा धागा तुटला नाही, ही गोव्याच्या इतिहासातील अत्यंत मोलाची गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही राजाच्या धोरणाने झालेली नाही.

मग मुलांस हे खेळ खेळू द्यावे की नाही? आमचे मत असे की खुशाल खेळू द्यावे. मनाई केल्याने जिज्ञासा मरते, दोष जात नाही. मात्र वडीलधाऱ्यांनी एक दिवस शेजारी बसावे. गोवा पिवळा होईल तेव्हा त्या मुलास विचारावे, 'येथला देव कोठे गेला असेल?' आमच्या घरी आम्ही हा प्रश्न विचारला तेव्हा मुलाने खेळ थांबविला आणि नकाशावर झुआरी नदी शोधू लागला. ती तेथे नव्हती. पुढील रविवारी आम्ही त्यास कुठ्ठाळीच्या पुलावरून प्रियोळास घेऊन गेलो.