पानाचे गणित, शिवाराचा हिशेब

हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की पीकही वाढेल, असा निष्कर्ष फार्कर, फॉन केमरर आणि बेरी यांच्या १९८०च्या गणिती प्रतिमानातून अनेकजण काढतात. माझ्या मते हे अर्धवट वाचन आहे. या वायूमुळे पानातल्या रुबिस्को विकराचे काम सुधारते, हे खरे. पण पुढे प्रकाशाची मर्यादा आड येते आणि वाढ मंदावते, हेही त्याच समीकरणांत आहे. शिवाय ते गणित पानाचे, शिवाराचे नव्हे. लाँग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले, की खुल्या शेतातली उत्पादनवाढ बंदिस्त प्रयोगांच्या सुमारे निम्मीच भरते. गहू-सोयाबीनला तेवढा तरी लाभ. आपल्या ज्वारीला तो मुख्यतः पावसाने ओढ दिली तरच. गव्हाच्या दाण्यातले जस्त मात्र घटते. नुसती पोती मोजणाऱ्या अंदाजांत ही घट दिसत नाही. ती ताटात उतरते.