तेरा बाइटांचे तीन बाइट

विद्यार्थ्याने लिहिलेला कार्यक्रम संगणकावर चालला की आपण गुण देऊन मोकळे होतो. निबंध तपासताना मात्र नुसते 'विषय आला' एवढ्यावर भागत नाही. कार्यक्रमही असा वाचता येतो का? त्यासाठी एक जुनी, लहानशी आज्ञावली तपासायला घेऊ. तिचे नाव स्वीट-१६, कर्ते स्टीव्ह वॉझनियाक.

१९७५ साली वॉझनियाक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये अभियंता होते. स्वतःचा संगणक बनवणे हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. होमब्रू कॉम्प्युटर क्लबातल्या हौशी मंडळींत त्यांची ऊठबस होती. त्यांनी निवडलेला ६५०२ हा मायक्रोप्रोसेसर २५ डॉलरना मिळे. स्वस्त खरा, पण एका वेळी आठच बिटांचे गणित करणारा. आठ बिटांत २५५ पर्यंतच्याच संख्या मावतात, स्मृतीतल्या जागांचे पत्ते मात्र सोळा बिटांचे, म्हणजे ६५,५३५ पर्यंतचे. यंत्रासाठी बेसिक भाषा लिहिताना ही अडचण पावलोपावली येई.

फळ्यावर मांडून पाहू. दोन सोळा-बिटी संख्यांच्या बेरजेला ६५०२ वर सात आज्ञा लागतात. आधी हातचा पुसायचा. मग खालचा अर्धा भाग उचला, मिळवा, ठेवा. नंतर वरचा अर्धा उचला, हातच्यासह मिळवा, ठेवा. पहिली आज्ञा एका बाइटची, उरलेल्या सहा (संख्या स्मृतीच्या पहिल्या २५६ बाइटांत असल्यास) दोन-दोन बाइटांच्या. एकूण १३ बाइट.

वॉझनियाक यांनी प्रत्यक्षात नसलेला एक सोळा-बिटी प्रोसेसर कल्पिला, त्याला सोळा रजिस्टरे दिली आणि त्याच्या आज्ञा वाचून अमलात आणणारी आज्ञावली ६५०२ साठी लिहिली. आता तीच बेरीज 'उचला, मिळवा, ठेवा' अशा तीन बाइटांत होते. या काल्पनिक यंत्रात शिरायला तीन बाइट आणि बाहेर पडायला एक. म्हणजे एका बेरजेला ७ बाइट. पण सलग दहा बेरजा असतील तर १३० ऐवजी ३४! आणि सगळी आज्ञावली चारशे बाइटांहून कमी.

किंमत मोजावी लागते ती वेगात. काम साधारण दहापट मंदावते. पण हवे तेव्हा आत, हवे तेव्हा बाहेर जाता येत असल्याने घाई कुठे आणि काटकसर कुठे, हे लिहिणाऱ्यालाच ठरवता येते. या आज्ञावलीचा मोठा गुण मला हाच वाटतो.

खटकणारी जागाही आहे. प्रत्येक काल्पनिक आज्ञेसाठी एक छोटा तुकडा लिहिलेला आहे. त्या तुकड्याचा पत्ता 'परतीचा पत्ता' म्हणून चळतीवर ठेवायचा आणि 'परत जा' अशी आज्ञा द्यायची. प्रोसेसर बिचारा जिथून निघालाच नव्हता तिथे 'परततो'! परतताना तो पत्त्यात एक मिळवतो, म्हणून तक्त्यात प्रत्येक पत्ता एकने कमी लिहिलेला. शिवाय हे सारे तुकडे २५६ बाइटांच्या एकाच पानात सुरू होतात. त्यामुळे पत्त्याचा वरचा अर्धा सर्वांना समान, आणि तक्त्यात प्रत्येकी एकच बाइट पुरतो.

युक्ती नामी, पण ठिसूळ. पुढे कोणी नवे तुकडे घातले आणि एखादा पुढच्या पानावर ढकलला गेला, तर प्रोसेसर भलत्याच ठिकाणी पोचेल. नुसत्या आज्ञा वाचून ही अट सहज लक्षात येत नाही; ती कोणीतरी सांगावी लागते. वॉझनियाक यांनी नोव्हेंबर १९७७ च्या 'बाइट' मासिकात आपली आज्ञावली स्पष्टीकरणासह छापली, म्हणून ती आजही शिकता येते. १९७९ च्या ॲपल टू प्लसच्या रॉममध्ये स्वीट-१६ नव्हती. छापील लेखातली कल्पना मात्र टिकली.

वर्गात एखादी मुलगी अशीच चमत्कारिक युक्ती लढवून कार्यक्रम चालवून दाखवील. तिला 'पुस्तकात आहे तसे लिही' म्हणून गप्प बसवू नये, आणि नुसते 'वा!' म्हणून सोडूनही देऊ नये. यात काय वाचले, काय गमावले आणि हे कधी मोडेल, एवढे तिच्याकडून वहीत लिहून घ्यावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिला देता आले, तर पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.