रंगछटामाला

एकाच मूळ रंगाच्या फिक्या व गडद छटांची, विशिष्ट कामासाठी निश्चित केलेली श्रेणी. रंगात पांढरा मिसळल्यास फिकी, काळा मिसळल्यास गडद आणि करडा मिसळल्यास मंद छटा मिळते. मुद्रक, गृहसजावटकार, जाहिरात-चित्रकार यांचे काम अशा श्रेणीवर चालते. तथापि छटा म्हणजे केवळ हे मिश्रण, हा रूढ समज अपुरा आहे. नाशिक जिल्ह्यातील ओझर व येवले येथील दोन उद्योग शेजारी ठेवून पाहिल्यास तो समज कोठे लागू पडतो व कोठे पडत नाही, हे कळते.

ओझर (ता. निफाड) येथे हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचा विमान-कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. तेथे मिग-२१ व पुढे सुखोई-३० एमकेआय ही विमाने तयार झाली. सुखोईच्या राखी रंगात डोळ्यांना सुखावणारे काही नाही व ते अपेक्षितही नाही. आकाशात विमानाची कडा विरघळावी, एवढाच त्याचा हेतू. प्रकाश वरून पडत असल्याने पाठ गडद व पोट फिके ठेवल्यास वस्तूचा घनाकार लोपतो, हे तत्त्व ॲबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने प्राण्यांच्या रंगांच्या निरीक्षणावरून १८९६ मध्ये मांडले. छायाप्रकाशाने गोलाई आणणाऱ्यालाच ती पुसण्याची युक्ती सुचावी, यात नवल नाही. विमानाच्या दुरुस्त केलेल्या भागावरील लेप मूळ छटेशी जुळावाच लागतो. अशा कामी क्रमांकित रंगपट्टीला पर्याय नाही. ॲल्बर्ट मन्सेल याने १९०५ मध्ये रंगाचा प्रकार, उजळपणा व तीव्रता या तीन परिमाणांवर रंगांची मांडणी केली, तेव्हापासून या पट्टीला शास्त्रीय बैठक लाभली.

येवल्याच्या पैठणीत मात्र ही पट्टी निरुपयोगी ठरते. येथे रेशमाच्या लडी आधी रंगवितात व मग विणतात. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घेतल्यास धूपछाव वस्त्र तयार होते. रेशमाचा धागा आपल्या लांबीला आडव्या दिशेने अधिक चमकतो. म्हणून एका कोनातून ताणा उजळतो, तर दुसऱ्या कोनातून बाणा. निळ्याहिरव्याच्या जोडीतून मोरपंखी लकाकते आणि निरीच्या प्रत्येक घडीत तिचा गडदपणा बदलतो. यात काळा वा पांढरा थेंबभरही मिसळलेला नसतो. परस्परविरोधी रंगांची जोडी, उदा., तांबडा व हिरवा, लांबून करडी भासण्याचा धोका असतो; तो पत्करून वस्त्र जिवंत ठेवणे ही विणकराच्या निवडीची खरी कसोटी होय.

शेजारच्या रंगाचा परिणामही विसरता येत नाही. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात काळा रंग फिका पडतो, या तक्रारीचा शोध घेताना मिशेल शेव्हरल याला रंग निर्दोष आढळला. दोष शेजारच्या रंगांचा होता. त्यातून त्याचा रंगविरोधावरील ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पैठणीच्या पदरात जरीच्या भूमीवर रेशमाचे मोर व मुनिया उमटतात, तेथे हा नियम पदोपदी प्रत्ययास येतो.

कृत्रिम रंगांनी पैठणी भडक झाली, ही तक्रार नेहमीची असली तरी अर्धीच खरी आहे. अधिक हानी झाली ती उलट दिशेने. अलीकडे रंगपट्टीवरून निवडलेल्या फिक्या छटांत, ताणा व बाणा एकाच रंगाचे ठेवून पैठण्या विणल्या जातात. त्यामुळे वस्त्राची हालचाल हरपतेच. शिवाय फिकी भूमी उजळपणात सोनेरी जरीच्या जवळ येत असल्याने काठ अंगापासून सुटा दिसत नाही. छपाईत शोभणारी सौम्यता येथे बेचव ठरते. फिकेपणाला सरसकट दोष देता येत नाही. मोतिया रंगाला परंपरेतच स्थान आहे. परंतु फिक्या बाण्याखाली एक-दोन पायऱ्या गडद ताणा घातला, तर घडीत छाया उरते. ही निवड कागदी पट्टीवरून होत नाही. त्यासाठी वीतभर नमुना विणून तो उजेडात दुमडून पाहावा लागतो. काळ्या चंद्रकळेत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण काळ्या भूमीवर जर हीच सर्वांत उजळ छटा असते.